मागचा डावा स्पीकर

पवनीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. वडिलांच्या काळापासून तिला धानाची खोली म्हणतात. दिवाळीनंतर मळणी झाली की धानाचे कट्टे, म्हणजे पोतीच, तिथे रचले जातात आणि भाव बघून हळूहळू बाहेर जातात. मी माझे स्पीकर याच खोलीत लावले, कारण घरात दुसरी मोकळी जागा नव्हती. समोर तीन, पाठीमागे दोन, आणि कोपऱ्यात जमिनीवर एक जाडजूड ठोकळा, ज्यातून फक्त खर्जातले, छातीत जाणवणारे आवाज येतात. या सगळ्यांच्या मधोमध वेताची एक खुर्ची.

साध्या सीडीत गाणं समोरून येतं. मी जमवतो त्या डिस्कवर ते चहूबाजूंनी येतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ठरवलेलं असतं की व्हायोलिन समोर डावीकडे, ढोल मागे उजवीकडे आणि गाणारी बाई बरोबर नाकासमोर. खुर्चीत नीट मधे बसलं की ही सगळी माणसं आपापल्या जागी असल्यासारखी वाटतात. आपल्याकडे या डिस्क कधी फारशा विकल्या गेल्याच नाहीत. परदेशातही आता ही हौस थोड्याच लोकांना राहिली आहे. म्हणून जुन्या शोधायच्या, कोणी विकायला काढली की मागवायची आणि पार्सलची वाट बघत राहायचं, असा हा उद्योग.

हे वेड नागपूरला शिकत असताना लागलं. पावसापासून आडोसा म्हणून एका मोठ्या दुकानात शिरलो होतो. तिथल्या माणसाने एका काचेच्या खोलीत बसवलं आणि काहीतरी लावलं. थोड्या वेळाने माझ्या पाठीमागे कोणीतरी खाकरलं आणि बासरी सुरू केली. मी वळून बघितलं तर भिंत होती. दुकानातला माणूस हसला. असे वळणारे त्याने रोजच पाहिलेले असणार. पुढे नोकरी मिळाली नाही, गावी परत आलो, बसस्टँडजवळ बियाणं-खताचं दुकान टाकलं. ते दुकान जरा बरं चालायला लागल्यावर मी पहिली डिस्क मागवली, तेव्हा ती वाजवायला माझ्याकडे यंत्रच नव्हतं. यंत्र नंतर आलं, स्पीकर त्याच्याही नंतर, एकेक करून. मागचे दोन तर लग्नानंतर आले.

पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आलं की मागच्या भिंतीला कट्ट्यांची थप्पी लागली की आवाज सुधारतो. रिकाम्या भिंतीवरून जो घुमारा परत येतो तो धान गिळून टाकतं. धान विकलं गेलं की खोली पुन्हा रिकाम्या पिंपासारखी वाजायची. मग मी उन्हाळ्यातही कोंड्याची पोती रचून ठेवायला लागलो. माझी बायको शेजारणींना सांगायची, "लोक ढोरांसाठी कोंडा ठेवतात, आमच्या घरी भोंग्यांसाठी ठेवून राहिले." स्पीकरना ती भोंगेच म्हणायची. त्या खुर्चीत मात्र ती कधी बसली नव्हती. मी बोलावलं नाही असं नाही. "मले कामं आहेत जी," एवढंच म्हणून ती जायची.

या छंदातल्या लोकांची इंटरनेटवर एक परदेशी चर्चेची जागा आहे. कोणत्या डिस्कवर मागच्या बाजूला काय ठेवलं आहे, कोणती नीट उमटली आहे, यावर तिथे लोक दिवसेंदिवस वाद घालतात. मी वाचायचो, लिहायचो कमी. एकदा एका माणसाने एका जुन्या डिस्कबद्दल फार तावातावाने लिहिलं होतं आणि नावाखाली गावाचं नाव होतं, अड्याळ. मला वाटलं, त्या नावाचं दुसरं एखादं गाव जगात असेल. म्हणून मी मराठीतच विचारलं, "हे आपलं भंडाऱ्याकडचं अड्याळ का?" थोड्या वेळाने उत्तर आलं, "हो जी. तुम्ही कोण?" पुढची आठदहा वाक्यं आम्ही त्या परदेशी लोकांमधे देवनागरीतच बोललो. कोणीही मधे पडलं नाही.

ते अड्याळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. पुढच्या रविवारी ते मोटरसायकलवर आले, गळ्यात अडकवलेल्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेल्या तीन डिस्क घेऊन. आल्या आल्या त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. माझी बायको जेवणाचं ताट करायला लागली तेव्हा ते म्हणाले, "नाही वहिनी, जेवण नंतर. डिस्कले हात लावायचा आहे." मी त्यांना सर म्हणायचो, ते मला भाऊ म्हणायचे. आमचं एका गोष्टीवर कधीच जमलं नाही. मागचे स्पीकर खुर्चीच्या अगदी पाठीमागे असावेत असं मला वाटायचं. ते म्हणायचे, जरा बाजूला, खांद्याच्या रेषेत. ते सुतळी घेऊन यायचे, खुर्चीपासून अंतर मोजायचे आणि माझे स्पीकर सरकवून जायचे. ते गेले की मी परत होते तिथे ठेवायचो. पुढच्या वेळी त्यांना ते कळायचं आणि ते पुन्हा सुतळी काढायचे. असं कित्येक वर्षं चाललं. भंडारा जिल्ह्यात या विषयावर भांडायला आम्ही दोघंच होतो, त्यामुळे भांडण नीट चालू ठेवणं भाग होतं.

माझा डावा कान गेला तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस होते. दुकानात खतासाठी सकाळपासून गर्दी असायची. झोपेतून उठलो तर छतावरचा पंखा उजवीकडे सरकल्यासारखा वाटला. वर बघितलं, तो जागेवरच होता. डाव्या कानात लांबच्या राईस मिलसारखी घरघर होती. बायको डाव्या अंगाला उभी राहून काहीतरी बोलत होती हे मला तिच्या सावलीवरून कळलं.

"बोलत काहून नाही?" ती पुढ्यात येऊन म्हणाली. "मी केव्हाची विचारून राहिली, दुकानात डबा पाठवू की येता? रागावले का?"

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

"एवढ्या जवळून?"

मळ साचला असेल असं वाटलं. दुकानात गेलो. डावीकडून कोणी युरिया मागितला तर मला तो मागणारा उजवीकडेच आहे असं वाटायचं आणि मी भलत्याच माणसाकडे बघून "किती?" विचारायचो. दोघंतिघं हसले. दुसऱ्या दिवशी बायको बळेच भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी कानात उजेड टाकून बघितलं, मळ नाही म्हणाले. मग चाचणीचा एक दोन पात्यांचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा माझ्या कपाळावर मधोमध टेकवला. चिमटा थरथरत होता.

"आवाज कोणत्या बाजूले येऊन राहिला?"

आयुष्यभर मी हाच प्रश्न स्वतःला विचारत बसलो होतो. नेम चुकायचं काही कारण नव्हतं.

"उजवीकडे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते उत्तर हे नव्हतं, एवढं कळलं. डावी नस अचानक बंद पडली आहे असं त्यांनी सांगितलं. असं का होतं ते बरेचदा कळत नाही. कधी परत येतं, कधी येत नाही. गोळ्या दिल्या. नंतर नागपूरला पाठवलं. तिथे कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं दिली आणि एका मोठ्या नळीत झोपवून डोक्याचे फोटो काढले. ते यंत्र फार मोठ्याने खडखडत होतं. सगळी खडखड एकाच बाजूला. फोटोत काही वाईट निघालं नाही. बायकोने डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकवल्यासारखं केलं, मग सावरून बसली. मी तिला पाणी दिलं. मला काही वाटलं नाही. म्हणजे बरं वाटलं असणार, पण ते मला जाणवलं नाही.

इंजेक्शनांनी फरक पडला नाही. मराठीत ज्याला ऐकू येत नाही तो बधिर, आणि दात काढताना डॉक्टर हिरडीला जे करतात तेही बधिरच. मला त्या दिवसांत दोन्ही अर्थ सारखेच लागू होते. मी वेळेवर दुकान उघडायचो, वेळेवर जेवायचो. कोणी विचारलं तर "डावा गेला" असं सांगायचो, जसं एखाद्या गल्लीतलं दुकान हललं म्हणून सांगावं. धानाच्या खोलीत गेलो नाही. जावंसं वाटलं आणि टाळलं, असंही नाही.

सरांना मी काही कळवलं नव्हतं. फोनवर बोलताना फोन उजव्या कानाला असायचा, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. रोवणी संपल्यावर एका रविवारी ते नेहमीसारखे आले. बायको माहेरी गेली होती. त्यांनी हात धुतले, टॉवेल उलगडला, नवी डिस्क लावली आणि मला खुर्चीत बसवून स्वतः कोंड्याच्या पोत्यावर बसले. चार वाद्यांची मैफल होती, हे मला मुखपृष्ठावरून कळलं. मला जे ऐकू येत होतं ते सगळं उजव्या भिंतीला चिकटलेलं होतं.

"मागचा डावा ऐकला का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "काय ठेवलं आहे त्यानं तिथं! ऐका."

"नाही ऐकू येत."

"नाही?" ते उठले. मागच्या डाव्या स्पीकरजवळ गेले, त्याच्या तोंडाशी कान नेला आणि गोंधळले. "वाजून तर राहिला. पण तुमाले तिथून कमी येत असन. तार सैल असन."

त्यांनी तार काढली, टोकं सोलून नव्याने पिळली, लावली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग त्यांनी डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे केला. मग अ‍ॅम्प्लिफायरमागे हात घालून सगळ्या तारा एकेक करून काढल्या आणि लावल्या. त्यांच्या शर्टाला कोळिष्टकं लागली. मी खुर्चीत बसून होतो. त्यांना थांबवायला हवं हे मला समजत होतं, पण तोंड उघडायला जो जोर लागतो तो येत नव्हता. शेवटी त्यांनी खिशातून सुतळी काढली, खुर्चीपासून स्पीकरपर्यंत मोजायला.

"सर," मी म्हणालो, "स्पीकर बरोबर आहे. माहा डावा कान गेला."

ते सुतळीचं टोक हातात धरून तसेच उभे राहिले. संगीत चालूच होतं. मग त्यांनी सुतळी चार बोटांवर गुंडाळली, हळू, नीट, आणि खिशात ठेवली.

"केव्हा?"

मी सांगितलं. डॉक्टर, गोळ्या, नळी, सगळं.

"मले एक फोन करता नाही आला?"

"काय सांगू जी फोनवर?"

ते पोत्यावर बसले.  डिस्क संपल्यावर त्यांनी ती काढली, टॉवेलात गुंडाळली आणि "वहिनी आल्या की येतो" म्हणून निघाले. फाटकापाशी मोटरसायकल सुरू करून ते बराच वेळ तिथेच थांबले होते. मी खिडकीतून बघत होतो. मग गेले. त्यानंतर ते पुष्कळ दिवस आले नाहीत. मधे मधे फोन करायचे, शाळेचं सांगायचे, पिकाचं विचारायचे. डिस्कचं काही बोलायचे नाहीत.

दिवाळी झाली, धान आलं. हमालांनी कट्टे रचायला घेतले आणि विचारलं, "भाऊ, या डब्यांसमोर लावले तर चालन का?" मी चालेल म्हणालो. दोन्ही मागचे स्पीकर कट्ट्यांमागे गेले, समोरचाही एक अर्धा झाकला गेला. खुर्ची उलटी करून थप्पीवर टाकली.

संध्याकाळी बायकोने ते बघितलं.  दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जेवायला आलो तर तिने हमालांना परत बोलावून कट्टे हलवले होते, खुर्ची पुसून खाली ठेवली होती आणि ओल्या फडक्याने स्पीकरवरची धूळ काढत होती.

"कायले एवढं केलं?" मी विचारलं.

"कायले म्हणजे? धानाची धूळ जाते त्याच्यात. खराब होतात."

"झाले तर झाले."

"तुमचे असतील," ती म्हणाली, "घर माहं आहे."

थंडीत एक पार्सल आलं. कान जायच्या कितीतरी आधी मागवलेलं, कुठेतरी अडकून पडलेलं. मी सही करून घेतलं आणि कपाटावर ठेवलं. बायकोनेच ते भाजीच्या सुरीने उघडलं. आत एक डिस्क आणि एक पुस्तिका. पुस्तिकेवर उंच छताचं एक दगडी चर्च आणि त्यात गोलात उभी राहून गाणारी माणसं. मधे कोणी नाही. तिने ते चित्र बराच वेळ बघितलं.

"लावून दाखवा," ती म्हणाली.

"मले काही समजणार नाही आता."

"मले समजते का ते पाहू."

मी यंत्र सुरू केलं. ती पदर सावरून खुर्चीत बसली, फोटो काढायला बसावं तशी ताठ. मी दाराशी उभा राहिलो. गाणं सुरू झालं. माझ्यासाठी ते एका बाजूने येणारं, पाण्याखालून येतं तसं काहीतरी होतं. तिचे डोळे आधी समोर होते. मग ते हलले.  बऱ्याच वेळाने म्हणाली, "मागं कोण आहे?"

"मागं कोणी नाही. तिथं स्पीकर आहे, त्यात..."

"ते मले माहीत आहे जी! मी काय लहान आहे? मागं बाई आहे का पोरगं आहे ते विचारून राहिली. बारीक आवाज आहे."

मला सांगता येईना. मी पुस्तिका उघडून बघितलं. "पोरगं आहे," मी म्हणालो.

"पोरगंच वाटलं. आणि इथं," तिने डाव्या खांद्यापाशी हात नेला, "इथं एक म्हातारा आहे. त्याचा आवाज जाड आहे. तो सगळ्यांच्या मागून येते, पण सोडत नाही."

त्या दिवसापासून ती अधूनमधून मला डिस्क लावायला सांगू लागली. खुर्चीत बसून तांदूळ निवडायची, कधी कपड्यांच्या घड्या करायची. मला ऐकायला जे सापडत नव्हतं ते ती सांगायची. कधी चुकीचं, कधी गंमतशीर. एका वाद्याला तिने "पायलीत गहू ओतल्यासारखं" म्हटलं, आणि ते कोणतं असेल ते मी शोधत बसलो, सापडलं नाही. मी पोत्यावर बसून ऐकायचो, म्हणजे तिचं ऐकायचो. मला आनंद होत होता का, हे मी तेव्हाही तपासलं होतं. होत नव्हता. पण उठून जावंसंही वाटत नव्हतं.

तिच्या बचत गटाची बैठक दर महिन्याला एकेकीच्या घरी असते. त्या महिन्यात आमच्याकडे होती आणि ओसरीवर ऊन आल्यामुळे तिने बायकांना धानाच्या खोलीत बसवलं. मी दुकानातून आलो तेव्हा बैठक संपली होती आणि चहा चालला होता. एकीने विचारलं, "वहिनी, हे इतके भोंगे कायले लागतात वो? एकात ऐकू नाही येत का?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "लावा," ती म्हणाली.

मी ढोल, बासरी आणि गाणारी बाई असलेली एक डिस्क लावली. मी सांगायला जाणार होतो की मधल्या खुर्चीतच बसायला हवं, नाहीतर काही कळत नाही. पण त्या ऐकायला थांबल्याच नाहीत. ज्या जिथे बसल्या होत्या तिथल्या स्पीकरच्या आणखी जवळ सरकल्या.

"माह्याकडे तर नुसता ढोल वाजून राहिला," मागच्या कोपऱ्यातली म्हणाली.

"माय वो! माह्याकडे बाई गाऊन राहिली. ये, इकडे ये, ऐक."

"थांब, मले बासरी आहे. मी नाही उठत."

मग त्यांनी जागा बदलायला सुरुवात केली. एक उठायची, दुसरी बसायची, स्पीकरला कान लावायची, ओरडून सांगायची. कप पोत्यांवर ठेवले गेले. खर्जाच्या ठोकळ्यावर एक आजीबाई सरळ बसूनच गेल्या आणि म्हणाल्या, "याच्यात गाणं नाही, पण कमरेले बरं वाटते." सगळ्या इतक्या हसल्या की गाणं बुडालं. खुर्ची मधे रिकामीच होती. इतकी वर्षं मी आणि सर त्या एका जागेसाठी सुतळी लावून भांडत होतो. ती जागा या बायकांना दिसलीही नाही.

मी दारातून बघत होतो. हसणं मला एकाच बाजूने येत होतं. कोण हसतं आहे ते तोंडं बघून ठरवावं लागत होतं. एकेकीकडे बघत राहिलो. त्या गेल्यावर बायकोने कप गोळा केले आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यातही इथंच बसू म्हणाल्या." मी बरं म्हणालो.

आता त्या बायका दर महिन्याला इथेच येतात. मला डॉक्टरांनी दोन छोटी यंत्रं दिली आहेत, डाव्या बाजूचा आवाज उचलून उजव्या कानात आणून टाकणारी. दुकानात ती लावतो, गिऱ्हाइकं चुकत नाहीत. गाण्याला त्यांचा उपयोग नाही. एकटा असलो तर पाचही स्पीकरचे आवाज एकात मिसळून उजव्या कानाने ऐकतो. डिस्क अजून मागवतो.

मागच्या वेळी त्या बसल्या असताना सर आले. इतक्या दिवसांनी आले होते. पिशवी गळ्यात होती. आत डोकावले, बायकांनी स्पीकर ओढून आपापल्या सोयीने फिरवलेले बघितले आणि तोंडावर हात ठेवला.  आम्ही चहा घेऊन बाहेर ओसरीवर बसलो. ते आधी माझ्या डाव्या हाताला बसले होते, मग उठून उजवीकडे आले.

"एकात करून ऐकता म्हणे," ते म्हणाले. "वहिनी सांगत होत्या. कसं वाटते?"

"सगळे एकाच बाकावर दाटीनं बसल्यासारखे."

"मग मागवता कायले अजून?"

"माहीत नाही जी."

 सरांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि मांडीवर ठेवला, न उलगडता. आतून कोणीतरी म्हणालं, "संपलं वो, दुसरं लावायले सांगा." बायको दारात येऊन उभी राहिली. सरांनी टॉवेल माझ्याकडे सरकवला. मी आत जाऊन त्यांची डिस्क लावली, ती सुरू झाल्याचा लाल आकडा उमटेपर्यंत थांबलो आणि बाहेर आलो. चहावर साय धरली होती. ती बोटाने बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला. सर आत कान देऊन बसले होते. मी त्यांना काय ऐकू येतं आहे ते विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.